स्ट्रॉबेरीच्या बिया पेरल्या, उगवले काहीच नाही

प्रश्न : महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीवरच्या बिया माझ्या मुलीने खरवडून वाळवल्या आणि जूनमध्ये कुंडीत पेरल्या. महिनाभर पाणी घातले, पण एकही कोंब आला नाही. ऑनलाइन बियांची पाकिटे मिळतात, त्यात निळ्या स्ट्रॉबेरीचेही आहे. पुण्यात गच्चीवर स्ट्रॉबेरी खरोखर येते का? बी पेरावे की रोप आणावे?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : येते. मात्र ती रोपापासून, आणि ते रोप ऑक्टोबरमध्ये लावले तर. बिया पेरण्याचा उद्योगही मुलीने सोडू नये, कारण त्यातून जे पाहायला मिळते ते विकतच्या रोपातून मिळत नाही. फळाची आशा तेवढी त्या बियांवर ठेवू नका.

आधी बी का उगवले नाही ते पाहू. स्ट्रॉबेरीचे बी अगदी बारीक असते आणि त्याला रुजायला उजेड लागतो. मेथी-कोथिंबिरीसारखे ते मातीखाली दाबले की बहुधा तिथेच राहते. शिवाय हे मूळचे थंड प्रदेशातले झाड. हिवाळा सरल्याची खूण पटल्याशिवाय त्याची पुष्कळशी बीजे जागी होत नाहीत. ती खूण घरच्या फ्रिजमध्ये देता येते. ओलसर कागदी रुमालावर बिया पसरायच्या, डबी बंद करून तीन-चार आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. मग भिजवलेल्या कोकोपीटवर नुसत्या टेकवायच्या, वर माती घालायची नाही. पाणी फवाऱ्यानेच द्यायचे. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावे. जूनच्या दमट हवेत कोवळी रोपे कुजतात. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. या रोपांना फळ धरायचे तर पुढचा उन्हाळा आणि पावसाळा पार करावा लागतो. म्हणजे फळ पुढच्या हिवाळ्यात.

आणि ते फळ आईसारखे निघेल याची खात्री नाही. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल असे सांगता येत नाही, तसेच हे. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी दोन अमेरिकी रानजातींच्या संकरातून जन्मली, आणि तीही युरोपात. 1714 मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच अधिकारी चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची पाच रोपे घेऊन मायदेशी परतला. ती सगळी मादी रोपे होती, त्यामुळे एकटी असताना फळत नव्हती. उत्तर अमेरिकेतली दुसरी जात शेजारी आली तेव्हा फळे धरली, आणि त्या फळांच्या बियांतून आजची स्ट्रॉबेरी निघाली. हा संकर आहे हे 1766 मध्ये द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखले. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, माणसात दोन. इतक्या पत्त्यांचा डाव पिसला की प्रत्येक बी वेगळे निघणारच.

म्हणून शेतकरी बी पेरत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीत इंग्रजांच्या काळात आलेल्या आणि 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पिकाची सगळी शेती रनरवर चालते. रनर म्हणजे झाडाने जमिनीवर सोडलेली लांब दोरी. तिच्या पेरावर नवे रोप फुटते आणि ते हुबेहूब आईसारखे असते. दरवर्षी परदेशातून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून, मदर प्लांट येतात. महाबळेश्वरच्या पावसात रोपवाटिका टिकणे अवघड, म्हणून वाईकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात रनर वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर डोंगरात लागण करतात. तुम्हीही याच सुमारास रोपवाटिकेत विचारा. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ही नावे कानावर पडतील. गच्चीसाठी मी लवकर फळणारी स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन निवडेन, कारण पुण्यात आपल्या हातात महिने थोडे आहेत.

थोडे का, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेले असते की दिवस चौदा तासांपेक्षा लहान झाला की या जाती फुलावर येतात. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि डिसेंबरचा अकरा तासांचा. त्या हिशेबाने इथे बारा महिने फुले यायला हवीत. ती येत नाहीत, कारण उष्णता मध्ये येते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, पुणे साधारण साडेपाचशेवर. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा अडतीसच्या पुढे जातो, तेव्हा झाड फुले सोडून नुसत्या दोऱ्या आणि पाने काढते. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रात्री गार असतात, तेवढाच आपला हंगाम. स्ट्रॉबेरीला रब्बीचे पीक माना म्हणजे वेळापत्रक चुकणार नाही.

लावताना एक गोष्ट जपा. मुळे आणि पाने जिथे मिळतात तो जाडसर गड्डा मातीच्या पातळीला बरोबर असावा. पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. घरी मरणाऱ्या रोपांपैकी बरीचशी याच कारणाने मरतात, आणि लोक दोष खताला देतात. कुंडी वीतभर खोल पुरे, पण तळाची भोके मोकळी हवीत. पुण्याची काळी माती पाणी धरून ठेवते, ती नको. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्या. बोअरचे पाणी टाळा. क्षारांना इतके हळवे पीक क्वचितच असेल. पानांच्या कडा करपल्या तर आधी पाण्याकडे पाहा. निदान पाच-सहा तास ऊन हवे. फळाखाली भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत पसरा, म्हणजे ते ओल्या मातीला टेकून सडणार नाही. हिवाळ्यात निघालेले रनर कापून टाका.

फळ वेडेवाकडे आले तर रोग समजू नका. लाल गर हे खरे फळ नाही, ते फुलाच्या देठाचे फुगलेले टोक. वरचे पिवळसर दाणे ही खरी फळे, आणि प्रत्येकात एक बी. 1950 मध्ये नित्श या शास्त्रज्ञाने कोवळ्या फळावरचे दाणे काढून पाहिले. जिथले दाणे काढले तिथला गर वाढलाच नाही, आणि दाण्यांऐवजी ऑक्सिन गटाच्या संप्रेरकाचा लेप दिला तर पुन्हा वाढला. म्हणजे ज्या दाण्याला पराग मिळाला नाही, त्याच्या भोवतीचा भाग खपाट राहतो. गच्चीवर सातेरी किंवा फुलोरी माश्या येत असतील तर काही करायला नको. बंदिस्त बाल्कनीत मात्र मऊ कुंचला फुलाच्या मध्यभागी गोल फिरवावा. नित्शचा प्रयोग मुलीलाही करता येईल. हिरव्या फळाच्या एका बाजूचे दाणे चिमट्याने हलकेच काढायचे आणि वाट पाहायची.

निळ्या स्ट्रॉबेरीचे पाकीट घेऊ नका. अशी स्ट्रॉबेरी नाही, चित्र रंगवलेले आहे. बीच हवे असेल तर अल्पाइन म्हणून मिळणारी युरोपातली छोटी रानस्ट्रॉबेरी घ्या. तिचे फळ नखाएवढे, पण बियांतून ती आईसारखीच येते.

मार्च संपला की कुंड्या पूर्वेच्या सावलीत हलवा, पावसाळ्यात वळचणीखाली. मे ते ऑगस्टमध्ये निघणारे रनर आता कापू नका. शेजारी छोटी कुंडी ठेवून पेर मातीवर केसाच्या पिनेने दाबा. मुळे धरली की दोरी तोडा, ऑक्टोबरची रोपे घरची झाली.

तोडणीची घाई करू नये. केळे किंवा आंबा काढल्यावरही पिकतो. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते, गोड होत नाही. बाजारात जाणारी फळे प्रवास सोसावा म्हणून थोडी आधी काढतात. तुमच्या फळाला गच्चीतून स्वयंपाकघरापर्यंतच यायचे आहे. देठाखालचा पांढरा पट्टा पूर्ण लाल होईपर्यंत थांबा, वर जाळी घाला नाहीतर बुलबुल आधी येतील, आणि सकाळी गारव्यात देठासकट कात्रीने कापा.