पगाराचं कूळ

लक्ष्मीबाई नगर म्हणजे दिल्लीतल्या आयएनए मार्केटच्या शेजारची केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. इथे जिन्यात, बागेत, मेट्रोच्या रांगेत एक शब्द सतत कानावर पडतो: पे. बेसिक पे, पे स्लिप, पे कमिशन. मला शब्दांचा माग काढायची जुनी खोड, त्यामुळे यजमानांच्या बदलीने इथे आल्यावर हा एवढासा शब्द तावडीत सापडला. त्या नादात जे हाती लागलं ते असं.

1. घरातला शब्द आणि कचेरीतला शब्द एकाच कुळातले निघू शकतात.

आमच्याकडे 'पगार' होतो, शेजारच्या भाभींकडे 'तनख्वाह' येते आणि सरकार देतं तो 'पे'. यातला पगार पोर्तुगीज. त्या भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ पैसे देणे. 1510 मध्ये गोवा आणि 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पण चावी, बटाटा, लिलाव, घमेलं यांच्यासारखा पगारही मराठीत कायमचा राहिला. इंग्रजीतला 'पे' जुन्या फ्रेंचमधून आलेला. दोघांचा आजा एकच: लॅटिन 'पाकारे'. एक नातू कोकणच्या किनाऱ्याला लागला, दुसरा इंग्रजांच्या दप्तरांबरोबर दिल्लीला आला.

2. पैसे देण्याच्या शब्दात पैसा असतोच असं नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही खरी गंमत. 'पाकारे' म्हणजे शांत करणे, आणि त्याच्या मुळाशी 'पाक्स', म्हणजे शांतता. रोमन सैन्य जिंकलेला मुलूख 'पाकारे' करायचं, तेव्हा हातात तलवार असायची. पुढे तेच क्रियापद दारात उभ्या असलेल्या घेणेकऱ्याला लागू झालं. त्याला गप्प करायला तलवार चालत नाही, पैसे मोजावे लागतात. मध्ययुगीन इंग्रजीत तर 'पेड' माणूस म्हणजे समाधानी माणूस. या जुन्या अर्थाच्या खुणा अजून दिसतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोक दिवा किंवा आग विझवतात ते 'आपागार'. इटालियनमधलं 'आप्पागारे' म्हणजे इच्छा पुरवणे. रुमानियन लोक भांडणात समेट घडवतात, त्यांचं क्रियापदही याच मुळाचं.

मराठी माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. आपण तहान भागवतो आणि वाण्याचं देणंही भागवतो.

केंद्राचा पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होतो. मार्चचा तेवढा एप्रिल उजाडल्यावर. त्यामुळे मार्चअखेरीस आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा असतो. डाळ तोलताना नजर काट्यावर, उत्तरं हं-हूं. एप्रिलमध्ये पैसे पोचले, की तो उधारीच्या वहीत आडवी रेघ मारतो, पेन कानावर खोचतो आणि विचारतो, "और भाभीजी, बच्चे कैसे हैं?" 'पाकारे' म्हणजे काय, ते मला शब्दकोशापेक्षा त्या आडव्या रेघेने जास्त नीट दाखवलं.

3. युरोप म्हणजे एक गाव नव्हे.

जर्मन माणसाला घेणेकऱ्याच्या शांततेशी देणंघेणं नाही. त्याचं 'त्सालेन' 'त्साल' या संख्यावाचक शब्दावरून आलेलं, म्हणजे मोजणे. बँकेत नोटा मोजणारा इंग्रजी 'टेलर' त्याच घराण्यातला. सातव्या वेतन आयोगाने 1 जानेवारी 2016 पासून आणलेला तो रकान्यारकान्यांचा पे मॅट्रिक्स मला तरी जर्मन वळणाचाच वाटतो: लेव्हल बघा, रकाना बघा, 18,000 पासून सुरुवात.

स्लाव्ह भाषांची तऱ्हा वेगळीच. रशियन 'प्लातीत', पोलिश 'प्वाचिच' ही क्रियापदं कापडाच्या शब्दावरून आली आहेत. कारण तिकडे कापडाचे तुकडे चलनासारखे वापरत. दहाव्या शतकात प्रागला गेलेल्या इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाने अशी झिरझिरीत फडकी पाहून नोंदवून ठेवली आहेत.

4. कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जुळवू नये.

'पे' आणि आपली 'पै' यांचा काही संबंध नाही. पैचं मूळ संस्कृत 'पाद', म्हणजे चौथा भाग. खुद्द इंग्रजीतही दुसरा एक 'पे' आहे, जहाजाच्या फटींना डांबर फासण्याचा. तो डांबराच्या लॅटिन शब्दावरून आला. स्पेलिंग तेच, कूळ निराळं.

5. फार गोड गोष्ट असेल तर दोनदा विचारावं.

'सॅलरी' लॅटिन 'सालारिउम'वरून आली आणि त्यात मिठाचा 'साल' आहे, इथवर ठीक. पण रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ वाटत, याला जुना पुरावा नाही. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची भाषा असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन पटते, एवढंच.

6. अति खोल खणलं की हसू येतं.

'पाक्स'च्याही मागे बांधण्याच्या अर्थाचा धातू आहे आणि अभ्यासक संस्कृत 'पाश' त्याच्याशी जोडतात. हे मी चहाच्या वेळी घरात सांगितलं. यजमान म्हणाले, "बावीस वर्षांपासून गळ्यात आहे, मला ठाऊक आहे."

7. वसाहतीच्या नावाचाही हिशेब बघावा.

भाभींची 'तनख्वाह' फारसी: तन म्हणजे देह, त्याला जे हवं ते. मराठीत तिचा 'तनखा' झाला आणि 1971 मध्ये रद्द झाले ते संस्थानिकांचे तनखे. 'पेन्शन' मात्र लॅटिन 'पेन्देरे'चं, म्हणजे तोलणे. तराजूत तोलून दिलेलं ते पेन्शन. 1853 च्या नोव्हेंबरात झाशीचे राजे गंगाधरराव गेले, कंपनीने दत्तक नाकारला, पुढल्या वर्षी झाशी खालसा केली आणि जिच्या नावाची ही वसाहत, त्या राणी लक्ष्मीबाईसाठी वर्षाला 60,000 रुपयांचं पेन्शन तोललं. तिकडे बिठूरला दुसऱ्या बाजीरावाचं वर्षाचं 8 लाखांचं पेन्शन 1851 मध्ये त्याच्याबरोबरच संपवलं होतं, दत्तक नानासाहेबाला त्यातलं काही मिळालं नाही. एकीकडे रक्कम देऊ केली, दुसरीकडे बंद केली. 1857 मध्ये दोघंही कंपनीविरुद्ध उभे होते.