न दुखणारा पाय

गेल्या वैशाखात अंबड तालुक्यातील एका खेड्यात आम्ही एका वृद्ध शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी वहाण काढली, तेव्हा तिच्या तळातून तुरीचे खुंट आरपार गेलेले दिसले, आणि तळपायास बोट शिरेल एवढी जखम होती. "बाबा, हे केव्हा लागले?" असे आम्ही विचारले. ते शांतपणे म्हणाले, "सकाळी लागलं असंल. दुखत काही न्हाई." त्यांच्या पत्नीस हे ऐकून हायसे वाटले, आम्हांस मात्र भय वाटले. ज्या पायात खुंट शिरते व जो दुखत नाही, त्याविषयी या पाठात विचार करावयाचा आहे.

रात्री शेतावर जागल्या असतो. रानडुकरे आली म्हणजे तो हाक मारतो व धनी धावून येतो. तो हाक मारीनासा झाला, तर डुकरे अधिक येतात असे नाही. पण पीक जाते. आपल्या शरीरात वेदना ही असाच जागल्या आहे. खडा टोचला की आपण नकळत पाय उचलतो. एका जागी भार फार झाला की लंगडतो व त्या जागेस विसावा देतो. ज्याची वेदना गेली, तो लंगडत नाही, म्हणून त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो.

ही बधिरता मुख्यतः दोन कारणांनी येते. पहिले कारण मधुमेह. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू बिघडतात. सर्वांत लांब तंतू प्रथम बिघडतात, म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते. दुसरे कारण कुष्ठरोग. त्याचे जंतू नॉर्वे देशाचे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढले. आज त्यावर अनेक औषधांचा एकत्र उपचार सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतो, व रोग पूर्ण बरा होतो. तथापि मेलेला तंतू पुष्कळदा पुन्हा जिवंत होत नाही. यास्तव बरा झालेल्या मनुष्याच्या पायासही जखमा होतात. त्या जखमांमुळे त्याच्यापासून दूर बसणे हे अज्ञान होय, कारण त्या बधिरपणाच्या जखमा आहेत. त्यांपासून दुसऱ्यास रोग लागत नाही.

ही गोष्ट जगास स्पष्ट करून दाखविणाऱ्यांत डॉक्टर पॉल ब्रँड हे प्रमुख होत. दक्षिण हिंदुस्थानातील कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली त्यांचा जन्म झाला, व १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी पाहिले की, बहुतेक हानी न जाणवणाऱ्या इजांनी होते. मऊ रबराचे पादत्राण घडविण्याचे कामही वेल्लोरास झाले. एकदा लंडनच्या एका खोलीत मोजा काढताना त्यांना आपली टाच बधिर लागली. टाचणी टोचली, तरी काही कळेना. आपणांस कुष्ठरोग झाला असे वाटून त्यांनी ती रात्र तळमळत काढली. सकाळी पुन्हा टोचली तेव्हा ते कळवळून ओरडले, आणि त्या वेदनेसाठी त्यांनी देवाचे आभार मानले. आगगाडीत अवघडून बसल्याने तंतू दबला होता, इतकेच.

१९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथील रुग्णालयात गेले, व तेथे त्यांनी कृत्रिम वेदना बनविण्याचा यत्न केला. हातमोजे व पायमोजे यांत दाब मोजणारी लहान यंत्रे बसविली. दाब वाढला की कानाशी आवाज होई. रोगी तो आवाज मनावर घेईनात. मग विजेचा झटका देण्याची योजना केली, तर नेमके इजा करणारे काम करावयाच्या वेळी रोगी यंत्र बंद करीत. अखेर तो यत्न सोडावा लागला.

तरी विचार मेला नाही. इंग्लंडात मँचेस्टर येथील संशोधकांनी दाब मोजणारे बुटाचे अस्तर तयार घेऊन मधुमेही रुग्णांवर पाहणी केली. एका जागी भार फार वेळ राहिला की मनगटावरील घड्याळ सूचना देई, व मनुष्य भार हलवी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, सूचना मिळालेल्यांना पुन्हा जखमा पुष्कळच कमी झाल्या. जे अस्तर नियमाने वापरीत त्यांचा लाभ अधिक. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने एका वैद्यकीय संस्थेच्या साहाय्याने निराळीच चप्पल तयार केली. तिच्या तळात लहान कमानी आहेत. ठराविक मर्यादेपेक्षा भार आला की कमान आपोआप उलटी होते व तो भार दुसरीकडे जातो. तिला वीज लागत नाही आणि कोणाची हाक ऐकावी लागत नाही.

हाक मारणारे यंत्र ऐकणाऱ्यावाचून व्यर्थ आहे, हे वरील दोन्ही कथांवरून दिसते. आणि खेड्यात अशी यंत्रे हाती येईपर्यंत काय करावे? वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात धराव्या.

१. मधुमेही मनुष्याने व कुष्ठरोग होऊन गेलेल्याने रोज संध्याकाळी दोन्ही तळवे व बोटांमधील भाग पाहावा. नजर कमी असल्यास घरच्या माणसाने पाहावे.

२. डोळे मिटावयास सांगून बोटांच्या टोकांस हलकेच स्पर्श करावा. कळले नाही तर दवाखाना गाठावा.

३. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल घालावी. वरचा थर मऊ, खालचा काटा न शिरणारा टणक. खिळा एकही नसावा, व मागे पट्टा असावा. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी ती सरकारी योजनेत मिळते. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा पाहावा.

४. एक पाय दुसऱ्याहून एकाच जागी ऊन लागला, तर आत काही बिघडत आहे असे समजावे. हाताच्या पालथ्या बाजूने हे कळते.

५. पाय शेकोटीजवळ नेऊ नये व कढत पाण्यात घालू नये. कोरड्या कातडीस तेल लावावे, पण बोटांच्या मध्ये ओल राहू देऊ नये.

६. जखम झाली तर त्या पायावर चालू नये. हेच सर्वांत कठीण.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरांनी पाय टेकू नका असे बजावले, आणि पेरणी तर तोंडावर आली होती. "पाय ठिवला तर रान जाईल," असे ते म्हणाले, व दोन दिवस लपून शेतात गेलेही. त्यांचे एक बोट गेले. पुढे शेजारच्या दोन तरुणांनी त्यांची कपाशी लावून दिली, तेव्हा कोठे तो मनुष्य खाटेवर स्वस्थ पडला. आता जखम भरली आहे. त्यांची पत्नी रोज दिवेलागणीस कंदील घेऊन त्यांचे तळवे पाहते.

सभेत विचारावयाचे प्रश्न: (१) आपल्या वस्तीत मधुमेह कोणाकोणास आहे, व त्यांचे पाय शेवटी कोणी पाहिले? (२) बरा झालेला कुष्ठरोगी आपल्यात पाय लपवितो काय, व का? (३) कोणास पाय टेकू नका असे सांगितले, तर त्याचे शेत कोण पाहील?