चिंक्वे तेर्रेची किनारवाट : चालणं स्वस्त, मुक्काम महाग

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरियात, समुद्राकडे थेट कोसळणाऱ्या डोंगरांच्या कुशीत पाच गावं आहेत. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. ही मिळून चिंक्वे तेर्रे. युरोपच्या बारा दिवसांच्या बससहलीत मराठी माणसाला ही गावं दिसतात ती धावतपळत, स्टेशनवरून उतरून फोटो काढण्यापुरती. पण इथली खरी चीज आहे पायवाट. पश्चिमेला सेस्त्री लेवान्ते आणि पूर्वेला पोर्तोव्हेनेरे अशी दोन टोकं धरली, तर पाच दिवसांची सुंदर पदयात्रा होते. आधी लोणावळ्याहून भीमाशंकर केलेल्या कुणालाही ती जमेल.

पहिला प्रश्न अर्थातच पैशांचा. माझं उत्तर एका वाक्यात असं, की वाटेवर जेमतेम अडीच हजार रुपये लागतात, आणि उरलेले दीड लाखाहून जास्त तिथे पोचण्यात, झोपण्यात आणि खाण्यात जातात. म्हणून काटकसरीची सगळी अक्कल वाटेवर खर्च करण्यापेक्षा मुक्कामाच्या गावावर करावी. खालचे आकडे एक युरो म्हणजे १०५ रुपये धरून दिले आहेत. दर हंगामाप्रमाणे हलतात, तेव्हा हे अंदाजपत्रक समजा.

झोपायचं कुठे

पाचांपैकी एखाद्या गावात, खिडकीतून समुद्र दिसेल अशा खोलीत राहावं, असं प्रत्येकाला वाटतं. एप्रिल-मेमध्ये तशी दोघांची खोली रात्रीला १५० ते २०० युरोंना पडते. शिवाय ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असते. लिफ्ट नसते आणि स्टेशनपासून तिथवर नुसत्या पायऱ्या. चाकांची बॅग तिथे ओझं होते.

त्यापेक्षा लेवांतोत उतरावं. मोंतेरोस्सोच्या अलीकडचं हे जरा सपाट, ऐसपैस गाव आहे. मोठी दुकानं, बेकऱ्या, सुपरमार्केट सगळं आहे, आणि आगगाडीने मोंतेरोस्सो पाच-सात मिनिटांवर. इथे दोघांची साधी खोली १०० ते १२० युरोंच्या आसपास मिळते. पूर्वेच्या टोकाला ला स्पेत्सिया हे बंदराचं शहर थोडं आणखी स्वस्त. देखणं नाही, पण रात्री पाठ टेकायला शहर देखणं कशाला हवं? पहिल्या चार रात्री लेवांतो आणि शेवटच्या तीन ला स्पेत्सिया, अशी वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते. दोन्हींमध्ये गाडीने अर्ध्या तासाचं अंतर आहे.

या वाटणीचा दुसरा फायदा पाठीला होतो. रेल्वे या सगळ्या गावांना धरून किनाऱ्यानेच जाते. त्यामुळे रोज सकाळी गाडीने निघायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी गाडीनेच खोलीवर परतायचं. सॅकमध्ये पाणी, खाऊ आणि पावसाळी जॅकेट एवढंच. सामान पुढच्या गावी पोचवणाऱ्या सेवा आहेत, पण त्यांची गरजच उरत नाही.

सह्याद्रीतल्या सवयीने कुणी तंबू नेण्याचा विचार करत असेल तर तो इथेच सोडावा. १९९९पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, वाटेवर तंबू ठोकता येत नाही, आणि देवळात पथारी टाकायची सोयही नाही. लेवांतोत अधिकृत कॅम्पिंगच्या जागा आहेत, पण मुंबईहून तंबू वाहून नेण्याइतकी बचत त्यात होत नाही.

हॉटेलच्या बिलावर माणशी, रात्रीमागे दोन-तीन युरो नगरपालिकेचा पर्यटक कर वेगळा लागतो. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो आणि निघताना रोख मागतात. सुटे जवळ ठेवा.

वाट आणि तिची तिकिटं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. चिंक्वे तेर्रेच्या सगळ्या वाटांना तिकीट लागतं, असा समज आहे. प्रत्यक्षात हंगामात, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, ते लागतं मोंतेरोस्सो–वेर्नात्सा आणि वेर्नात्सा–कोर्निलिया या दोन खालच्या टप्प्यांना. मानारोला–रिओमाज्जोरेमधल्या ‘व्हिया देल्लामोरे’चा हिशेब वेगळा. बाकी डोंगरातल्या वाटा फुकट आहेत, आणि त्याच जास्त चांगल्या आहेत.

कार्डं दोन. ट्रेकिंग कार्डात वाट आणि गावातल्या छोट्या बसगाड्या येतात. ट्रेन कार्डात याशिवाय लेवांतो ते ला स्पेत्सिया हवा तितका रेल्वेप्रवास. दर दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलतात. २०२४मध्ये एका दिवसाचं ट्रेकिंग कार्ड साडेसात ते पंधरा युरो आणि ट्रेन कार्ड साडेएकोणीस ते साडेबत्तीस युरो होतं. याच पट्ट्यात गाडीचं सुटं तिकीट, एक स्टेशन जा की सहा, पाच ते दहा युरो. तिकीट खिडकीवरचा माणूस ट्रेन कार्डच पुढे करील. दिवसभर स्टेशनास्टेशनावर उतरत गावं बघणाऱ्याला ते फायद्याचं आहे. चालणाऱ्याला दिवसात एक किंवा दोनच फेऱ्या लागतात. एक फेरी असेल त्या दिवशी ट्रेकिंग कार्ड आणि सुटं तिकीट मिळून साडेबारा युरोंत भागतं, ट्रेन कार्डाला साडेएकोणीस मोजावे लागतात. दोन फेऱ्या असतील तर दोन्ही पर्याय जवळपास सारखे. फक्त अगदी गर्दीच्या दिवशी ट्रेन कार्ड थोडं पुढे जातं.

आणखी एक खाचखळगा. ही चढी तिकिटं फक्त लेवांतो ते ला स्पेत्सिया एवढ्याच पट्ट्यात आहेत. लेवांतोच्या पश्चिमेला गाडी नेहमीच्या प्रादेशिक दराने चालते, तीन-चार युरोंत काम होतं. पहिले दोन दिवस तिकडचे ठेवले, तर कार्डाचा प्रश्नच येत नाही.

तर मग दिवसांची मांडणी अशी. पहिल्या दिवशी गाडीने सेस्त्री लेवान्तेला जाऊन मोनेलियापर्यंत चालायचं. पाइनची झाडं, झुडपी रान आणि माणसं मोजकी. दुसऱ्या दिवशी मोनेलियाहून देइव्हा मारीना, फ्रामुरा करत लेवांतोला परत. हा पल्ला लांब आहे. दमलात तर कोणत्याही गावातून गाडी पकडता येते. फ्रामुरा ते लेवांतो हा शेवटचा तुकडा जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून जातो. रूळ काढून तिथे पायी आणि सायकलने जायचा रस्ता केला आहे. भर दुपारी त्या थंडाव्याचं मोल कळतं.

तिसऱ्या दिवशी लेवांतोहून पुंता मेस्कोचा डोंगर ओलांडून मोंतेरोस्सो, साधारण आठ किलोमीटर, अडीच-तीन तास. माथ्यावर एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. तिथे उभं राहिलं की पाचही गावं एका ओळीत दिसतात, आणि हे दृश्य फुकट आहे. पुढे वेर्नात्सापर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा टप्पा तिकिटाचा. अंतरावर जाऊ नका, पायऱ्यांमुळे दोन तास सहज लागतात. वाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे, की समोरून कुणी आलं तर एकाने गडग्याला पाठ लावून उभं राहावं लागतं. म्हणूनच गर्दीच्या काही सुट्ट्यांना हा टप्पा मोंतेरोस्सोकडून वेर्नात्साकडे एकेरी करतात. आपण त्याच दिशेने जातो, त्यामुळे अडचण नाही.

चौथा दिवस वेर्नात्सा ते कोर्निलिया आणि पुढे. कोर्निलियाहून मानारोलाला जाणारी खालची वाट दरडींमुळे वर्षानुवर्षं बंद राहिली. त्याऐवजी वर व्होलास्त्रावरून जायचं. चढ घाम काढतो, पण नंतर वाट द्राक्षमळ्यांच्या मधून, जवळजवळ सपाट जाते. एका हाताला वेली, दुसऱ्या हाताला खाली तीनशे मीटरवर समुद्र. हे सगळे मळे चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेल्या गडग्यांनी धरून ठेवले आहेत. शतकानुशतकांच्या या कामामुळेच १९९७ साली हा किनारा जागतिक वारसा यादीत गेला. पाच दिवसांतला एकच निवडायचा असेल, तर मी हा निवडीन. गंमत म्हणजे कोर्निलियाच्या पुढच्या या वाटेला पैसे पडत नाहीत.

मानारोला ते रिओमाज्जोरे ही व्हिया देल्लामोरे जेमतेम किलोमीटरभराची, कड्यात कोरलेली वाट. २०१२मध्ये दरड कोसळून बंद झाली आणि २०२४च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि उघडली तेव्हा कार्डाच्या वर दहा युरो ठेवले होते. जाण्याची दिशाही ठरवून दिलेली असू शकते, ती बुकिंग करताना पाहा. माझ्या मते हे दहा युरो ऐच्छिक आहेत. वाचवले तरी फारसं हुकत नाही.

पाचवा दिवस रिओमाज्जोरे ते पोर्तोव्हेनेरे, बारा-तेरा किलोमीटर, पाच-सहा तास. आधी मोंतेनेरोचं देऊळ, मग ५१३ मीटरवरची तेलेग्राफोची खिंड, मग कांपीलिया. हा सगळ्यांत दमवणारा आणि सगळ्यांत मोकळा टप्पा. शेवटी उतार खडकाळ आहे, गुडघेदुखीवाल्यांनी काठी न्यावी. पोर्तोव्हेनेरेला रेल्वे नाही. ला स्पेत्सियाला बस जाते, अर्ध्या तासात. तिकीट बसमध्ये महाग पडतं, तंबाखूच्या दुकानातून आधी घ्यावं.

पादत्राणांबद्दल एक ताकीद. चपला-सँडल घालून वाटेवर आलेल्यांना दंड करण्याची घोषणा उद्यानाने २०१९मध्ये केली, रक्कम ५० युरोंपासून २,५०० पर्यंत. पकड घेणाऱ्या तळव्याचे बूट घरूनच वापरून नेलेले असावेत.

पोटाचा हिशेब

शाकाहाऱ्यांना लिगुरियाइतका सोयीचा इटलीचा भाग क्वचितच सापडेल. सकाळी बेकरीतून वजनावर फोकाच्याचा तुकडा घ्यायचा, दोन-चार युरोंत वाटेवरची भूक भागते. फारिनाता मिळाली तर सोडू नये. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, रुंद तांब्याच्या थाळीत भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं जाड, कडा कुरकुरीत झालेलं भावंडच. रात्री बटाटा आणि फरसबी घातलेला पेस्तो पास्ता दहा ते चौदा युरोंना. मात्र कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पेस्तोतल्या पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. फोकाच्यावर अँकोव्ही मासळी नाही ना, हेही विचारून घ्यावं. मोंतेरोस्सोची ती खासियतच आहे.

हॉटेलात बसलात की माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ बिलात लागतात. ती फसवणूक नाही, रीतच आहे. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, तीच टेबलावर दुप्पट. पाणी विकत घेऊ नका. गावागावात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण दोन गावांच्या मध्ये नाहीत. दीड लिटर तरी भरून निघावं. दिवसाला ३५ युरोंत नीट जेवता येतं, एक वेळ सुपरमार्केटवर काढली तर २५.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो, वर केंद्राची सेवा फी. माणशी साडेबारा हजार धरावेत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. भेटीची तारीख मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा फुकट रद्द करता येणारी हॉटेलं आरक्षित करून लगेच अर्ज टाकावा. विम्यात किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पॉलिसीत ‘साहसी खेळ’ वगळले असतील तर डोंगरात चालणं त्यात मोडतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

मुंबई–मिलान परतीचं विमान वेळेत घेतलं तर पन्नास ते सत्तर हजार. मिलानहून लेवांतो रेल्वेने सुमारे तीन तास. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं असतं, मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. विसरलात तर तिकीट हातात असूनही दंड होतो.

क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावतात. फॉरेक्स कार्ड बरं. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर यंत्राच्या मालकाच्या सोयीचा असतो.

आता बेरीज. दोघं एका खोलीत, सात रात्री, माणशी : विमान ६० हजार, व्हिसा आणि विमा साडेचौदा हजार, लेवांतो-ला स्पेत्सियातला मुक्काम करासह ४२ हजार, जेवण २९ हजार, गाड्या-बस-कार्डं १५ हजार, सिमकार्ड आणि किरकोळ पाच हजार. एकूण एक लाख ६५ हजारांच्या आसपास. हाच मुक्काम पाच गावांत केला, तर माणशी २५ हजार वाढतात.

तारखा निवडताना एप्रिलचा मध्य ते मेअखेर किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध पाहा. ईस्टर, २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या इटलीच्या सुट्ट्या टाळा, खोल्यांचे भाव आणि माणसं दोन्ही अंगावर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पायऱ्या तापतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पावसाचा भरवसा नाही. २५ ऑक्टोबर २०११ला एका दिवसाच्या पावसाने वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत चिखलाचा पूर आला होता. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असला की वाटा बंद करतात. अशा दिवसासाठी वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवावा, आणि रेल्वेच्या संपाच्या तारखाही आदल्या आठवड्यात तपासाव्यात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरलेल्या प्रादेशिक गाड्या धावतात. त्या वेळा धरून निघालात, तर संपाचा दिवसही फुकट जात नाही.