‘झिरो टॅक्स’ राज्याच्या नादी लागण्याआधी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत साठी जवळ आली की एक विषय हमखास निघतो. इथलं घर विकायचं आणि फ्लोरिडा नाहीतर टेक्सास गाठायचं, कारण तिथे स्टेट इन्कम टॅक्स नाही. या सल्ल्याने मी पोळले आहे. कसं, केव्हा, कोणामुळे, ते उगाळत बसणार नाही. ज्यांनी ‘झिरो टॅक्स’चा घोष लावला होता त्यांना ते पुरतं ठाऊक आहे आणि आता ते फोन उचलत नाहीत. मला सांगायचंय ते एवढंच, की त्या सल्ल्यातला हिशेबच मुळात नोकरदाराचा होता, निवृत्त माणसाचा नव्हता. पगार थांबला की राज्याच्या इन्कम टॅक्सच्या दराशी आपला संबंध फार थोडा उरतो, आणि पुष्कळांचा तर उरतच नाही.

न्यू जर्सीचंच बघा. सोशल सिक्युरिटीवर हे राज्य कर लावत नाही. वयाची 62 वर्षं पूर्ण झालेल्या जोडप्याचं सोशल सिक्युरिटी सोडून बाकीचं सगळं उत्पन्न 1 लाख डॉलरच्या आत असेल, तर पेन्शन आणि आयआरएमधून काढलेली रक्कमही माफ होते. म्हणजे सोशल सिक्युरिटीचे 45 हजार आणि आयआरएचे 60 हजार यांवर जगणारं जोडपं इथे स्टेट इन्कम टॅक्स भरतं शून्य. फ्लोरिडात जाऊन या शून्यातून ते वाचवणार काय? त्यातही एक खाच आहे. 1 लाखाच्या वर एक डॉलर जरी गेला तरी पूर्ण माफी जाते आणि अर्धीच उरते. म्हणून डिसेंबरात आयआरएमधून पैसे काढण्याआधी वर्षाची बेरीज स्वतः करा, सल्लागारावर सोडू नका. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर 3.07 टक्के दर असूनही निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पेन्शनवर आणि साडेएकोणसाठीनंतर आयआरएमधून काढलेल्या पैशांवर काहीच कर नाही. इलिनॉयही हे उत्पन्न सोडून देतं. ‘टॅक्स असलेली राज्यं’ म्हणून जी यादी आपल्यापुढे नाचवली जाते, तिच्यात ही सगळी असतात.

इन्कम टॅक्स घेतला नाही तरी राज्याला रस्ते, शाळा, पोलीस यांचा खर्च कुठून तरी काढावाच लागतो. टेनेसीत तो विक्रीकरातून निघतो. स्थानिक कर धरून तो पावणेदहा टक्क्यांपर्यंत जातो, आणि किराण्यालाही तो चुकलेला नाही. टेक्सासमध्ये घरावर बसतो, आणि ह्यूस्टनच्या नव्या वस्त्यांत पाणी-गटारासाठीच्या ‘मड’चा कर वेगळा. फ्लोरिडाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथला फटका उशिरा बसतो. राहत्या घराला तिथे ‘होमस्टेड’चं संरक्षण असतं. त्याचं करपात्र मूल्य वर्षाला 3 टक्के किंवा महागाईचा दर, यांत जे कमी असेल त्याहून जास्त वाढवता येत नाही. 1995 पासून हे चालू आहे. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या माणसाचं घर बाजारात 5 लाखांचं असलं तरी कागदावर 2 लाखांचं असू शकतं. घर विकलं की हे संरक्षण संपतं आणि पुढच्या 1 जानेवारीला मूल्य बाजारभावाला जातं. जाहिरातीत घराच्या फोटोंखाली छापलेला वार्षिक प्रॉपर्टी टॅक्स जुन्या मालकाचा असू शकतो. नव्या मालकाला पहिल्या नोव्हेंबरात बिलही त्याच जुन्या हिशेबाचं येतं, आणि तो खूश होतो. मग दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘ट्रिम नोटीस’ येते, तिच्यात मागच्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी छापलेला असतो. वरच्या उदाहरणात होमस्टेडची सूट वजा जाऊनही बिल साधारण तिप्पट होतं. हे कोणी सांगत नाही, असं नाही. विचारलं की सांगतात, ‘ते तर सगळ्यांना माहीत असतं’ असं म्हणून. हा निगरगट्टपणा मला त्या वाढीव बिलापेक्षा जास्त झोंबतो.

विम्याचं तर बोलायलाच नको. वादळाच्या नुकसानीसाठी डिडक्टिबल सहसा ठरावीक रकमेचं नसतं, टक्क्यांत असतं. 5 लाखांच्या विम्यावर 2 टक्के म्हणजे पहिले 10 हजार आपले. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. कॉन्डो घेणाऱ्यांनी आणखी सांभाळावं. 2021 साली सर्फसाइडची इमारत कोसळून 98 माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या कायद्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. कायदा योग्यच आहे. पण वर्षानुवर्षं टाळलेल्या दुरुस्तीचा खर्च आज जो मालक आहे त्याच्या माथी येतो. सोसायटीच्या गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. दिली नाहीत, तर उठून या.

यावर ठरलेला प्रश्न येतो, मग इतके लोक जातात ते काय वेडे? वेडे नाहीत, पण ते करासाठी जातात असंही नाही. कॅरन कॉनवे आणि जोनाथन रोर्क या अर्थतज्ज्ञांनी 2012 साली नॅशनल टॅक्स जर्नलमध्ये हाच प्रश्न तपासला. ज्येष्ठांना दिलेल्या करसवलतींचा त्यांच्या स्थलांतरावर सातत्याने परिणाम होतो, असं त्यांना आढळलं नाही. दोन्ही कॅरोलिना आणि ॲरिझोना इन्कम टॅक्स घेतात, तरी निवृत्तांची रीघ तिथेही आहेच. ऊन, स्वस्त घर, जवळ राहणारी मुलं ही खरी कारणं. कर हे चारचौघांत सांगायला सोयीचं कारण. अब्जाधीशांचं वेगळं आहे. वारसासंपत्तीवर कर घेणाऱ्या राज्यांतून ते हलतात, हे मोरेटी आणि विल्सन या अर्थतज्ज्ञांनी फोर्ब्सच्या यादीवरून दाखवलंय. तुमचा धंदा विकून कोटींत नफा येणार असेल, तर तुमचाही हिशेब वेगळा. बाकीच्यांनी त्यांची उदाहरणं तोंडावर फेकून घेऊ नयेत.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स कंबरडं मोडतो. सरासरी बिल 10 हजार डॉलरच्या पुढे गेलंय. पण मग तुलना त्याचीच करा, सिनियर फ्रीझ आणि स्टे एनजेसारख्या सवलती आपल्याला लागू होतात का ते पाहून, आणि दुसऱ्या बाजूला फ्लोरिडातलं दुसऱ्या वर्षीचं बिल अधिक विमा धरून. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या वेबसाइटवर बहुतेक ठिकाणी ते आधीच काढता येतं. ‘सीडीडी’, म्हणजे वस्तीतल्या सोयींसाठीची वेगळी आकारणी, असलेल्या वस्तीत तिची रक्कम त्याच बिलात येते आणि होमस्टेडने कमी होत नाही.

घाई लावायला दोन बागुलबुवा ठेवलेले असतात. एक, जुनं राज्य पेन्शनवर कायम हक्क सांगेल. 1996 च्या केंद्रीय कायद्याने ते केव्हाच बंद झालंय. दुसरा न्यू जर्सीचा ‘एक्झिट टॅक्स’. राज्य सोडताना घर विकलं की नफ्यावरच्या कराचा तो आगाऊ भरणा आहे, जास्त गेला तर रिटर्न भरून परत मिळतो. आणि पेनसिल्व्हेनियाचं कौतुक मी वर केलं, तेव्हा हेही सांगायला हवं की तिथे आईबापांमागे मुलांना मिळणाऱ्या संपत्तीवर साडेचार टक्के वारसा कर आहे. न्यू जर्सीत मुलांना तो नाही.