तांबेरा पानात शिरतो कसा?



पावसाळा सरत आला आणि पहाटे दव पडू लागले, की शेतकी विभागाकडे एक तक्रार हमखास येते : "साहेब, ऊस तांबडा पडला, युरिया कमी झाला वाटतं." आम्ही बांधावर पोचेपर्यंत बऱ्याच ठिकाणी आणखी एक गोणी टाकूनही झालेली असते. खताने रोग हटत नाही. उलट फड जास्त गर्द होतो, आत वारा खेळत नाही आणि रोगाला हवा असलेला ओलावा जास्त वेळ टिकतो. गोणीचे पैसे जातात ते वेगळेच. म्हणून या अंकात तांबेऱ्याची बुरशी पानाच्या आत शिरते कशी, ते पाहू. चोराची वाट कळली, की कुलूप कुठे लावायचे ते आपोआप कळते.

आधी ओळख पटवू. पान उलटे करून पाहा. खालच्या बाजूला शिरांच्या दिशेने लांबट, आधी पिवळसर आणि मग तपकिरी होत जाणारे उंचवटे दिसतील. त्यावर बोट फिरवा. बोटाला विटकरी भुकटी लागली तर तो तांबेरा. अन्नद्रव्य कमी पडले तरी पानाचा रंग बदलतो, पण बोटाला काही लागत नाही. एवढी परीक्षा कोणालाही करता येते.

ही भुकटी म्हणजे बुरशीचे बी, शास्त्रात त्याला बीजाणू म्हणतात. मिलिमीटरभर रेघेवर तीस-पस्तीस बीजाणू ओळीने बसतील, इतके ते बारीक. वाऱ्यावर ते एका फडातून दुसऱ्या फडात आणि दूरच्या गावांतही जातात.

कोरड्या पानावर पडलेला बीजाणू नुसता पडून राहतो. त्याला रुजायला पाण्याचा पातळ थर लागतो. पान सात-आठ तास ओले राहिले आणि हवा २० ते २५ अंशांच्या आसपास असली, की त्यातून बारीक नळीसारखा कोंब निघतो. आपल्या खानदेशात एप्रिल-मेच्या उन्हात तांबेऱ्याचा जोर मोडतो आणि पावसाळ्याच्या शेवटी व थंडीच्या सुरवातीला तो वाढतो, त्याचे कारण हेच.

या कोंबाजवळ शिदोरी थोडी असते. ती संपण्याआत त्याला पानात शिरावे लागते. तांबेऱ्याची बुरशी इथे पानाची साल फोडत बसत नाही, उघडे दार शोधते. पान ज्या बारीक छिद्रांतून हवा घेते आणि वाफ सोडते, ती पर्णरंध्रे म्हणजेच हे दार. उसाच्या पानाला ती खालच्या अंगाला जास्त असतात. डोळे नसलेल्या कोंबाला दार सापडते कसे? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९८७ साली घेवड्याच्या तांबेऱ्यावर याचा प्रयोग केला. पानाऐवजी त्यांनी गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक कंगोरे कोरले. मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा उंच कंगोरा लागला, की कोंब तिथे थांबे आणि आत शिरायची तयारी करी. पर्णरंध्राची कडा साधारण तेवढीच उंच असते. आंधळा माणूस जसा भिंत चाचपत उंबरा ओळखतो, तसेच हे.

रंध्रावर कोंबाचे टोक फुगते आणि त्यातून बारीक खुंटी आत उतरते. आत धागे पसरतात आणि पेशींत शोषके घालून रस ओढतात. तांबेरा पेशी लगेच मारत नाही. गाय जिवंत ठेवून दूध काढावे तसा त्याचा व्यवहार. त्यामुळे बाहेरून पान हिरवेगार दिसते आणि दहा-पंधरा दिवसांनी एकदम साल फाटून भुकटी बाहेर पडते. फाटलेल्या सालीतून पाणी उडते, पान करपते आणि उसाच्या वजनात घट येते.

सगळ्याच बुरशा दाराने येत नाहीत. भाताच्या करप्याची बुरशी पानावर काळी घुमटी बांधते, तीत पाणी ओढून घेते आणि हवेच्या दाबाच्या ८० पटीपर्यंत दाब तयार करून साल भेदते. मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या हा सुमारे चाळीसपट झाला. उसाच्या लाल कुजीची बुरशीही अशी काळी घुमटी करते, शिवाय जखमांतून शिरते. रावेर-यावलच्या केळीवरचा करपा मात्र तांबेऱ्याप्रमाणे रंध्रातूनच जातो. आणि काणी शिरते डोळ्यातून, म्हणून तिच्यासाठी पानावर फवारा मारणे व्यर्थ. तिथे बेणेमळ्याच्या बेण्याला ५४ अंशांवर अडीच तास उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया हाच उपाय.

यावरून आपल्या कामाच्या गोष्टी निघतात त्या अशा :

१. फवारा वेळेवर. मॅन्कोझेबसारखे औषध पानावर बसून कोंब मारते. आत शिरलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. सगळा फड तांबडा झाल्यावर फवारले, तर जुनी पाने सुधारणार नाहीत. पहिले ठिपके दिसताच १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम औषध, सोबत चिकट द्रव्य, आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला. दहा-पंधरा दिवसांनी गरज पाहून पुन्हा. औषध आणण्याआधी गट ऑफिसला विचारावे.

२. पान कोरडे राहू द्या. सऱ्या रुंद ठेवा, वाळलेले पाचट काढून सरीत पसरा. तुषार संच असेल तर संध्याकाळी चालवू नका, सकाळी चालवा, म्हणजे उन्हात पान वाळेल.

३. पाचट पेटवू नका. तांबेऱ्याचे ठाण जिवंत हिरव्या पानात असते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा मिळून शिवारात बाराही महिने हिरवा ऊस असतो, त्यामुळे जाळून रोग जात नाही. जमिनीचे खत मात्र जाते.

४. सगळी जमीन एका जातीखाली घालू नका. १९५० च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्यात को. ४७५ ही जात तांबेऱ्याला बळी पडली. पुढे १९७९-८० मध्ये क्युबात बी ४३६२ या एकाच जातीखाली मोठे क्षेत्र होते. तांबेरा आला आणि देशाच्या साखर उत्पादनाला जबर फटका बसला. शेजाऱ्याला टनेज मिळाले म्हणून तीच जात लावण्याचा मोह होतो. पण निदान दोन-तीन जाती ठेवल्या, तर एकीवर आले तरी दुसरी हात देते. जमिनीप्रमाणे पाडेगावच्या किंवा वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शिफारशीतले बेणे घ्यावे.

सभासदांना विनंती, की दव पडायला लागल्यावर आठवड्यातून एकदा फडात आत शिरावे, बांधावरून पाहू नये. पाच-सहा ठिकाणची पाने उलटावीत, बोट फिरवावे. भुकटी लागली तर ते पान कागदात गुंडाळून, गट नंबर लिहून, त्याच दिवशी गट ऑफिसला पोचवावे. आम्ही बांधावर येऊ. तोपर्यंत युरियाची गोणी घरातच राहू द्यावी.

— ऊस विकास अधिकारी