पाण्यानं फोड येत नाहीत

हुरड्याचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात पुदिन्याचा वास यायला लागतो. पेशंट दारात चप्पल काढत असतानाच मला कळतं, कुणीतरी भाजलंय आणि घरातली टूथपेस्टची अख्खी ट्यूब अंगावर पिळून आलंय. त्याच्या मागं दुसरा येतो तो पिवळाजर्द. हळदीच्या मुलखात राहतो आपण. इकडं वसमतच्या बाजारात हळदीच्या राशी लागतात, मग कोपरापासून बोटांपर्यंत हळद थापायला कोण मागं हटणार? या दोघांना मी एकच प्रश्न विचारतो, "पाणी टाकलं होतं का?" आणि गेली कित्येक वर्षं एकच उत्तर ऐकतो.

"नाही साहेब, पाणी लावल्यावर फोड येतेत ना."

या एका वाक्यानं आपल्या भागातल्या लोकांची जेवढी कातडी खराब केली, तेवढी आगीनं केली नसेल. म्हणून आज दुसरं काही नाही, एवढंच.

विषय निघाला तो छोट्या गॅसमुळं. पाच किलोची टाकी, तिच्या डोक्यावरच बसवलेला बर्नर, वर तीन पायांची जाळी. नळी नाही, ओटा नाही, उचलला की चालले. परभणी-नांदेडला खोली करून शिकणाऱ्या पोरांकडं तो असतो, ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडात असतो, चहाच्या गाड्यावर असतो. आषाढीआधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी नरसी, औंढा करत आपल्या जवळा बाजारातून परभणीकडं जाते, त्या दिवसांत रस्त्यानं चालणाऱ्या लहान दिंड्यांच्या टेंपोतही तो दिसतो. इंडियन ऑइलनं तर पाच किलोच्या टाकीचं नावच 'छोटू' ठेवलंय. आणि आता नवी हौस म्हणजे त्यावर लोखंडी जाळी टाकून शेतात कणसं आणि कोंबडी भाजायची. हौसेला माझी ना नाही. मीही खातो. पण या छोट्या गॅसची सवय वाईट आहे. ज्योत हाताच्या जवळ, चावी ज्योतीच्या जवळ, टाकी दोन्हीच्या खाली, आणि सगळा डोलारा मातीच्या ढेकळावर.

मागच्या थंडीत एक पोरगा आला. वय विशीतलं, गाव इथून जवळच. मित्रांनी शेतात हुरड्याचा बेत केला होता. यानं आधी चावी उघडली आणि मग काडेपेटी शोधायला लागला. काडेपेटी गाडीच्या डिकीत. ती मिळेपर्यंत गॅस येतच होता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घ्यायला तेवढं पुरतं. पोरानं वाकून काडी ओढली आणि भपकन जाळ झाला. उजवा हात, मनगट, गाल. भुवया तर गेल्याच.

आता ऐका. दहा पावलांवर बोअरची मोटर चालू होती. गव्हाला पाणी सुटलेलं. आणि चार धडधाकट मित्र त्याला पाण्यापासून लांब धरून उभे होते, फोड येतील म्हणून. एकानं मोबाईलवर बघितलं, टूथपेस्ट लावा म्हणे. गावात येऊन ती लावली. रात्री आग थांबेना, तेव्हा शेजारच्या गावातल्या एका 'भाजल्याचं औषध' देणाऱ्याकडं नेलं. त्यानं काळं तेल लावलं, वर कसली तरी राख, आणि सांगितलं तीन दिवस उघडू नका. तिसऱ्या दिवशी पोरगा तापानं फणफणत माझ्यासमोर. पेस्ट, तेल, राख यांचा कडक पापुद्रा झालेला. तो काढायला मला आणि सिस्टरला पाऊण तास लागला. पोराच्या किंकाळ्या मेडिकलवाल्यापर्यंत गेल्या. खाली पू.

फोड आले होते का? आले होते की. पाण्याचा थेंबही न लावता आले होते.

फोड पाण्यानं येत नाही. कातडीच्या वरच्या थराखाली किती खोल उष्णता गेली, त्यावर तो ठरतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, वरचा थर उचलला जातो, झाला फोड. तो यायला कधी काही मिनिटं लागतात, कधी काही तास. मधल्या वेळात तुम्ही पाणी लावलेलं असलं की बिचाऱ्या पाण्याचं नाव होतं. शेवटी लग्नघरी मांजर आडवी गेली म्हणून पाऊस पडला, त्यातला प्रकार.

खरी गोष्ट तर उलटी आहे, आणि ती मला पुस्तकापेक्षा एका आजीनं चांगली सांगितली. तिची पाच वर्षांची नात छोट्या गॅसजवळ खेळत होती. चहाचं पातेलं कलंडून तिच्या हातावर आलं. आजीनं नातीचा हात पाण्याच्या बादलीवर धरला आणि रांजणातलं पाणी तांब्यानं ओतत बसली. सून ओरडतेय, शेजारीण ओरडतेय, फोड येतील, फोड येतील. ही ढिम्म. दवाखान्यात आली तेव्हा सुनेशी भांडण चालूच होतं. मी विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? तवा चुलीवरून उतरवला तरी भाकर करपतीच की. तव्यावर पाणी टाकल्याबिगर तवा थांबत नाही."

तव्याचं हे उदाहरण तेव्हापासून मी सगळ्यांना देतो, तिचं नाव न घेता. जाळ विझला तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या आत खोल जात राहते. तिला बाहेर काढणारी एकच वस्तू घरात असते, पाणी. त्या नातीला फोड आले, लहान होते, दहा-बारा दिवसांत सगळं भरलं. डाग शोधावा लागतो.

तर पाणी कसं? नळाचं, बोअरचं, रांजणातलं, साधं गार. बर्फ नाही. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेली कातडी आणखी मरते. वेळ किती? २० मिनिटं. हे वाचून हसू नका, मला माहीत आहे की लोक दोन मिनिटांत हात काढतात. घड्याळ लावून २० मिनिटं. लगेच जमलं तर उत्तम, पण उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांपर्यंत त्याचा फायदा होतो, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून बसू नका. उन्हाळ्यात मला लोक विचारतात, साहेब, प्यायला टँकर येतोय आणि तुम्ही २० मिनिटं पाणी सोडायला सांगता? रास्त प्रश्न आहे. बादली खाली ठेवा, तांब्यानं ओता, बादलीत जमलेलं पुन्हा ओता. तेही नसेल तर स्वच्छ सुती कपडा भिजवून ठेवा आणि गरम लागला की बदला. लहान लेकरू असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी घाला, बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळा, नाहीतर ते थंडीनं गार पडतं.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, हातातला गंडादोरा काढून टाका. तासाभरात सूज आली की अंगठी पक्कडीनं कापावी लागते. चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. नायलॉनची साडी कातडीला वितळून बसते, ती सोडवणं आमचं काम. मग स्वच्छ कोरडं कापड सैल गुंडाळायचं आणि निघायचं. फोड आपण होऊन फोडायचा नाही. ते देवानं दिलेलं निर्जंतुक ड्रेसिंग आहे.

आता हळदवाले माझ्यावर चिडतील. आपल्या हळदीचा मलाही अभिमान आहे. वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे, हळदीतल्या कुर्क्युमिनवर जगभर काम चाललंय. पण प्रयोगशाळेतलं कुर्क्युमिन वेगळं आणि डब्यातली, ज्यात रोज भाजीचा ओला चमचा जातो ती हळद वेगळी. शिवाय भाजलेली जागा लाल आहे, पांढरी आहे की काळपट, यावरून आम्ही जखम किती खोल गेली ते ठरवतो. तुम्ही ती पिवळी करून आणली तर मी काय बघू? निळी शाईही तशीच. माझ्या पायावर लहानपणी आईनं दौतीतली शाई ओतली होती. डाग अजून आहे, शाईचा की भाजल्याचा ते आता कोण सांगणार.

बोटाच्या पेराएवढं पोळलं, नुसतं लाल झालं, चुणचुणतंय, तर पाणी टाका आणि घरी राहा. घाबरायचं काही नाही, चार दिवसांत विसराल. पण पेशंटच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी जागा भाजली असेल तर दाखवा. बोटांसकट पंजा म्हणजे साधारण अंगाचा एक टक्का, हे माप लक्षात ठेवा. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा लघवीची जागा असेल तर लहान असली तरी दाखवा. आणि सगळ्यात फसवी गोष्ट, जागा पांढरी किंवा चामड्यासारखी झालीय आणि दुखत नाही. लोक खूश होतात, म्हणे दुखत नाही म्हणजे थोडंच आहे. अहो, दुखणं कळवणारी नसच जळाली आहे! टीटीचं इंजेक्शन घेतलं म्हणजे उपचार झाला, हाही एक गोड गैरसमज. ते धनुर्वातासाठी असतं. भाजल्याचा तो इलाज नाही.

तोंडावर भपका आलेल्या माणसाकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो. नाकातले केस जळालेत, आवाज घोगरा होतोय, थुंकीत काजळी दिसतेय, तर तो कितीही गप्पा मारत असो, घसा आतून सुजतोय. काही तासांत श्वास बंद होऊ शकतो. तिथं माझ्यासारख्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय गाठा. गरज पडली तर तिथून नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील.

खोलीवर राहणाऱ्या पोरांसाठी आणखी एक. थंडीत दारं-खिडक्या लावून, ऊब म्हणून छोटा गॅस बारीक ठेवून झोपू नका. बंद खोलीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. खोलीतल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर ते रात्रीच्या जेवणामुळं नव्हे. पित्ताची गोळी घेऊन परत आत जाऊन झोपलात तर सकाळी उठाल याची खात्री नाही. कोरोनात घेतलेलं बोटाचं ऑक्सिजन मीटर इथं कामाचं नाही. रक्तात तो विषारी वायू बसला तरी ते ९८ दाखवतं.

टाकीचं तंत्र माझं नाही, तरी डोळ्यांनी दिसतं तेवढं सांगतो. मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस उलटवून देणाऱ्याकडं जाऊ नका. गुन्हा तर आहेच, पण तसं भरताना भाजलेले दोघं मी स्वतः पाहिलेत. कंपनीच्या टाकीच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्ष असतं, म्हणजे त्या वर्षाच्या कितव्या तिमाहीपर्यंत टाकीची तपासणी चालते ते. ते बघून घ्या. आधी काडी, मग चावी. ऑनलाइन येणाऱ्या डब्याच्या गॅसवर शेगडीपेक्षा रुंद तवा किंवा जाळी ठेवू नका, उष्णता उलटून डब्यावर येते आणि डबा फुटतो. वास आला तर लाइटच्या बटणाला हात न लावता दारं उघडा, १९०६ वर कळवा. आणि सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी गॅस दुसऱ्याला पेटवू द्या. गॅसला मूळचा वास नसतोच, तो मुद्दाम घातलेला असतो, आणि तुमच्या नाकाला तो कळणार नाही.

त्या हुरड्यावाल्या पोराचा गाल भरला. भुवयाही आल्या. हात मात्र आखडायला लागलाय, कारण जखम भरताना कातडी ओढली जाते आणि बोटं रोज सरळ करायचा व्यायाम केला नाही तर मूठ तशीच राहते. त्याला रबरी चेंडू दिलाय, रोज तीन वेळा सांगितलंय. दोनदा आला, मग गायब. हा लेख तुझ्या घरात कुणी वाचत असेल तर ऐक बाबा, येत्या सोमवारी ये. फी नको. बोटं सरळ करून दाखव फक्त.