जे नाही, त्याविषयी खरे बोलता येते काय?

आपल्या वस्तीला आजही कॅम्प नंबर 3 म्हणतात. पण छावणी कोठे आहे, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला काय दाखवावे? दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी उठली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तिच्या बराकींत राहिली आणि 1949 मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरीही “येथे छावणी होती” हे विधान खरेच आहे. मग जी वस्तू आज नाही, तिच्याविषयीचे विधान खरे कसे ठरते?

मदरशांत शिकविल्या जाणाऱ्या मंतिकमध्ये, म्हणजे तर्कशास्त्रात, याचा एक नियम आहे. मराठी व्याकरणातील उद्देश्य आणि विधेय यांना तेथे मौजूअ आणि महमूल म्हणतात. होकारार्थी विधान खरे ठरण्यासाठी त्याचे उद्देश्य अस्तित्वात असावे लागते. नकारार्थी विधानाला ती अट नाही. “वांझेचा पुत्र विद्वान आहे” हे खोटे. “वांझेचा पुत्र विद्वान नाही” हे खरे. मात्र हे अस्तित्व भूत, वर्तमान किंवा भविष्य यांपैकी कोणत्याही काळातील चालते. काही विधानांना तर केवळ मनातील अस्तित्वही पुरते. म्हणून उठून गेलेल्या छावणीविषयी खरे बोलता येते.

वाचकहो, हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. आपल्या कलिम्याचा आरंभच नकाराने होतो. अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही, असे म्हणताना आपण जे नाही त्याचे नसणे सांगतो, आणि याहून मोठे सत्य दुसरे नाही. सूरह अल्-अंबियाच्या 22 व्या आयतीचा आशय असा, की आकाश व पृथ्वीत अल्लाहखेरीज आणखी उपास्ये असती तर दोन्हींची घडी विस्कटली असती. ती उपास्ये नाहीत. तरी “असती तर” हे विधान सत्य आहे.

“अल्लाहचा भागीदार अशक्य आहे” या वाक्याने मात्र विद्वानांना पेच घातला. वाक्य होकारार्थी, आणि उद्देश्य तर कोठेच नाही! मुहिब्बुल्लाह बिहारी (मृत्यू 1707) यांच्या ‘सुल्लमुल उलूम’ या ग्रंथात या पेचाची चर्चा आहे. एक उत्तर असे, की वाक्याचे रूप होकारार्थी असले तरी त्याचा अर्थ नकारच आहे: असा भागीदार असूच शकत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. सोयरीक जुळविताना कोणी म्हणाले, “मुलाची सगळी घरे त्याच्याच नावावर आहेत,” आणि मुलाचे एकही घर नसले तर? आधुनिक तर्कशास्त्र म्हणेल, विधान खरे. कारण दुसऱ्याच्या नावावर असलेले त्याचे एकही घर दाखविता येत नाही. मंतिकच्या नियमाने ते खोटे, कारण उद्देश्यच नाही. दोन्ही शास्त्रे आपापल्या व्याख्येशी प्रामाणिक आहेत. पण मुलीच्या वडिलांनी जे ऐकले, ते “घरे आहेत” असेच ऐकले. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय आहे, की शपथ ही ती घ्यायला लावणाऱ्याच्या हेतूप्रमाणे धरली जाते. म्हणजे शब्दांची पळवाट बोलणाऱ्याला सोडवीत नाही.

नसलेल्या वस्तूविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही, असे मात्र नाही. आपल्या फर्निचर बाजारात कपाटाची मागणी नोंदविताना कपाट नसतेच. तरी लाकूड, माप आणि किंमत स्पष्ट ठरली, तर हनफी फिकहमध्ये हा करार ‘इस्तिस्ना’ म्हणून वैध आहे. तेथे नसलेली वस्तू “नाही, करून देईन” असे सांगितले जाते. सोयरिकीतील वाक्यात ती असल्याचा भास निर्माण केला जातो.

म्हणून मुलांना खरे बोलण्यास शिकविताना आणखी एक प्रश्न विचारायला शिकवावे: ज्याविषयी मी बोलतो आहे, ते आहे काय? आणि नसेल, तर ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे काय? अल्लाह आपणा सर्वांना सत्य बोलण्याची तौफीक देवो. आमीन.